मोजणीच्या दिवशीच्या चादरी

बोटीवर डंकनला मी बजावूनच ठेवलं होतं, की आज तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग ऑकलंडला जाऊन साहेबांना सांग. तो नुसता हसला. आकडेवाल्या माणसांचं हसणं मला चांगलं कळतं, मी त्यांच्यातलीच आहे. ते होही नसतं आणि नाहीही नसतं.

आमच्या बेटांवरची तरणी माणसं सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला जातात. त्यांच्या पगारातून आरोग्य निधीचा हप्ता कापला जातो आणि त्याच्या बदल्यात मागे राहिलेल्या घरादाराचं दुखणंखुपणं निधी बघतो. कुठल्या भागात किती विमेदार आहेत आणि त्यांना इस्पितळाच्या किती खाटा पुरतील, हे मी राजधानीत, आपियाच्या कचेरीत बसून काढते आणि ऑकलंडला डंकन ते तपासतो. गणित काही अवघड नाही. सरासरी किती खाटा भरलेल्या असतात ते घ्यायचं, वर थोडी मोकळीक ठेवायची, कारण आजारी माणसं काही रांग लावून एकेक येत नाहीत, आणि आकडा काढायचा. तो दहाच्या खाली गेला तर तिथला वॉर्ड बंद. मग विमेदारांनी दीड तासावरच्या मोठ्या इस्पितळात जायचं, पोहोचले तर.

माझ्या आजोळी, सवाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, असा एक चौदा खाटांचा वॉर्ड आहे. दर तीन महिन्यांनी निधीचा माणूस तिथे जाऊन भरलेल्या खाटा मोजून येई. तीन वर्षांत बारा मोजण्या झाल्या. कधी चार, कधी पाच, फार तर सहा. त्यावरून आकडा निघाला सात, आणि तो मीच काढला होता. इस्पितळांनी स्वतः लिहिलेल्या वह्यांवर निधीचा विश्वास नाही, कारण दुसरीकडे कुठेतरी त्या फुगवलेल्या निघाल्या होत्या. आपल्या माणसानं स्वतः मोजलेलं तेवढं खरं.

मग उइली काकांना तिथे दाखल केल्याचं कळलं. हृदय थकलेलं, छातीत पाणी, नाकाला ऑक्सिजनची नळी. घाईघाईत, कुणाला न कळवता मी तडक वॉर्डात जाऊन धडकले आणि दारातच थबकले. चौदाच्या चौदा खाटा भरलेल्या. खाटांच्या मध्ये चटया टाकून आणखी माणसं. एका बाईची सलाईनची बाटली खिडकीच्या कडीला टांगलेली. तिसऱ्या खाटेवर काका बसून होते, कारण आडवं झालं की त्यांचा जीव घुसमटायचा. मला बघून म्हणाले, "तूच ना ती, आमच्या खाटा कमी करणारी? बस, पण माझ्या खाटेवर नको. मोजणीत गोंधळ होईल."

परत येऊन मी कचेरी डोक्यावर घेतली. डंकन फोनवर शांतपणे म्हणाला, की एका दिवसाचं मला सांगू नकोस, माझ्याकडे बारा दिवस आहेत. मी त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी तो कबूल झाला, की तेरावी मोजणी तो स्वतः येऊन करेल, सकाळी दहा वाजता, नेहमीच्या वेळी. निकाल त्यानंतर. वॉर्ड राहणार की जाणार, हे आज ठरायचं होतं आणि काकांचा जीव त्या वॉर्डाला टांगलेला होता. दीड तासाचा खडबडीत रस्ता त्यांना सोसला नसता.

मी लुपे मावशीला फोन करून पाहुणा येतोय हे कळवलं होतं. कळवल्याशिवाय पाहुणा नेणं आमच्यात होत नाही, मंत्र्याची गाडीसुद्धा वेशीवर थांबून निरोप धाडते. मावशी म्हणजे काकांची बायको आणि गावच्या महिला समितीची अध्यक्ष. वॉर्डाची झाडलोट, रोग्यांचं जेवण, चादरी, सगळं समिती बघते. मी तिला म्हटलं, की वॉर्ड जसा आहे तसा दिसू दे. ती म्हणाली, तू काही काळजी करू नकोस पोरी, गावाची मान खाली जाणार नाही. मी निर्धास्त झाले. मूर्ख कुठली.

पिकअप फाटकाशी थांबली तेव्हा समितीच्या बायका एकसारख्या निळ्या कपड्यांत दोन्ही बाजूंना उभ्या राहून गात होत्या. वाटेकडेचे दगड नुकतेच चुन्यानं रंगवलेले. डंकनच्या गळ्यात फुलांची माळ पडली आणि त्याचं नाक लाल झालं. मला क्षणभर अभिमान वाटला. मग आम्ही आत गेलो.

वॉर्ड चकाचक होता. खाटांवर हातानं भरतकाम केलेल्या चादरी, काठाला विणलेली झालर, प्रत्येक उशीवर एक जास्वंद. जमिनीवर एकही चटई नाही. भिंतीवर सियापो टांगलेला, झाडाच्या सालीचं आमचं ते नक्षीचं कापड. आणि खाटा रिकाम्या. पलीकडच्या टोकाला लांबच्या गावचे चारजण तेवढे पडून होते, तेही भांग पाडलेले.

तिसरी खाट रिकामी होती. तिच्यावर सगळ्यांत मोठी चादर, लाल पक्ष्यांची, मावशीच्या हातची.

काका गेले आणि मला कुणी कळवलं नाही, असंच वाटलं. मावशीनं माझा चेहरा वाचला. ती जवळ येऊन ओठ न हलवता पुटपुटली, "घरी आहेत. पाहुणा जाईपर्यंत."

"आणि ऑक्सिजन?"

"ते गंजकं नळकांडं पाहुण्यांसमोर ठेवू? झाकलंय ते."

मी सियापोकडे नीट पाहिलं. कोपऱ्यात त्याच्या मागे काहीतरी उभं, गोल, खांद्याएवढं दिसत होतं. मग माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला. समितीची पाहणी म्हटली की आमच्या बायका घरातली चूल झाकतात, चटया उन्हात घालतात, ठेवणीतलं बाहेर काढतात. कुणाची चादर सरस यावर वर्षभर बोलणं होतं. निधीचा माणूस येतो म्हणजे पाहणीच, दुसरं काय? पाहुण्याला घाण, कण्हणं, लघवीची भांडी दाखवायची? आधी निरोप यायचा आणि सकाळीच रोगी उचलून घरी जायचे. बाराही वेळा. आम्ही आपियात बसून रिकाम्या खाटांचे आकडे मांडत होतो आणि गावाला वाटत होतं, की इतका सुंदर वॉर्ड कोण बंद करेल.

संताप आला, पण कुणावर काढणार? डंकन पेन काढून खाटांमधून फिरू लागला होता. घड्याळात दहा वाजत होते. तो परत आला आणि हळूच म्हणाला, "चार."

मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. रोगी घरोघरी आहेत, तुझ्यासाठी हलवलेत, तुझा मान म्हणून. तो ऐकत होता. मग त्यानं पेन मिटलं.

"जो घरी जाऊ शकतो त्याला खाटेची गरज नाही. ही व्याख्या कोणी लिहिली, फिलोई?"

मीच लिहिली होती. तीन वर्षांपूर्वी, मोठ्या ऐटीत.

तेवढ्यात आम्हाला बसवलं. पाहुण्यासाठी वॉर्डाच्या मधोमध चटई अंथरली होती. मावशी स्वागताला उभी राहिली. तिचं भाषण किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे. ती पहिल्या होडीपासून सुरू करते, होडीत कोण होतं, ते कुठे उतरले, त्यांची मुलं कोण, त्या मुलांची मुलं कोण, आणि असं करत करत समोर बसलेल्या पाहुण्यापर्यंत येते. मध्ये कुणी खोकतसुद्धा नाही. ते तोडणं म्हणजे आपल्याच घरचं नाक कापणं.

मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात वेळ मोजत होते. काका ऑक्सिजनशिवाय किती वेळ काढतील? सकाळी कधी नेलं त्यांना? नर्स कुठे होती? वॉर्डात सिएनी नर्स दिसतच नव्हती. मग खिडकीतून ती दिसली. हातात सलाईनची बाटली उंच धरून ती एका घरातून निघाली आणि जवळजवळ धावतच दुसऱ्यात शिरली. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर, पुन्हा तिसऱ्या घराकडे. सगळा वॉर्ड गावभर पांगला होता आणि ती एकटी त्याच्यामागे पळत होती.

आमच्या घरांना भिंती नसतात, खांब आणि वर छप्पर. उन्हात झापांचे पडदे गुंडाळून वर बांधलेले असतात, वारा यावा म्हणून. गावातली सगळी घरं तशीच उघडी होती. फक्त मावशीच्या घराचे पडदे चारी बाजूंनी खाली सोडलेले होते. एवढ्या उकाड्यात.

मी मावशीकडे पाहिलं. ती बोलत होती, हात पसरून, आवाज खणखणीत. पण तिची नजर पाहुण्यावर नव्हती, त्या पडद्यांवर होती. आणि मग तिनं एक अख्खी पिढी गाळली. आजोबांवरून थेट नातवांवर आली. समितीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशीनं आयुष्यात कधी पूर्वज गाळला नव्हता. ती घाबरली होती. तिला ठाऊक होतं आणि तरी ती बोलत होती, कारण थांबणं तिला येतच नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "मावशी, मी काकांना आणते."

मावशीचा हात तसाच हवेत राहिला. ती अगदी हळू म्हणाली, "खाली बस, फिलोई. पाहुणा बसलाय."

"काका गुदमरतायत. तुलाही माहीत आहे."

तिनं हात खाली घेतला. तिच्या बाजूला बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, की शहरात राहून तुझी लाज गेली. गेली असेल. मी डंकनचा दंड धरून त्याला उठवलं, माळेसकट. पाहुण्याला असं ओढून उठवलेलं त्या गावानं कधी पाहिलं नसेल. तो बिचारा चटईला पाय अडखळून माझ्यामागे आला.

आम्ही जवळच्या वाटेनं, घरांच्या मधून निघालो. आणि घरं उघडी असल्यामुळे मला काही सांगावंच लागलं नाही. पहिल्या घरात पोट फाडून बाळंत झालेली मुलगी कुशीवर पडून दातांत कपड्याचं टोक धरून होती. दुसऱ्यात एका माणसाचा सडलेला पाय केळीच्या पानावर ठेवलेला आणि त्याची सलाईन वाशाला बांधलेली, बाटली संपून नळीत रक्त चढलेलं. तिथे सिएनी गुडघ्यांवर बसून ती सोडवत होती. डंकन थांबला. मी त्याला ओढलं. सिएनीला म्हटलं, काकांकडे चल, आधी काकांकडे.

मावशीच्या घराचा पडदा मी वर केला. आत अंधार आणि दमट उष्मा. काका खांबाला टेकून बसले होते, मांडीवर दोन्ही हात रोवून, प्रत्येक श्वासाला सगळं अंग वर उचलत. ओठ निळसर. त्यांची बहीण शेजारी बसून पंख्यानं वारा घालत रडत होती. मला बघून त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही.

"झाली... मोजणी?"

"झाली," मी म्हटलं.

"मग... नीट... दिसलं ना?"

चटईची चार टोकं आम्ही धरली, सिएनीनं आणि मी पुढची, डंकननं आणि काकांच्या बहिणीनं मागची. ते भारी अंगाचे होते. उन्हातून जाताना डंकनच्या गळ्यातली माळ काकांच्या पायावर लोंबत होती आणि तो श्वास रोखून, जणू आपण श्वास घेतला तर काकांचा कमी पडेल, अशा चेहऱ्यानं चालत होता. फाटकाजवळ काकांची मान एका बाजूला कलली. सिएनी ओरडली, पळा.

वॉर्डाच्या दारात मावशी उभी होती. आम्हाला पाहिलं आणि ती वळली. तिनं सियापो एका हिसक्यात भिंतीवरून ओढला, तो मधोमध फाटला. लाल पक्ष्यांची चादर खेचून जमिनीवर टाकली. सिलिंडर तिनं एकटीनं ढकलत तिसऱ्या खाटेपाशी आणला. सिएनीनं काकांना खाटेवर बसतं केलं, तोंडावर मुखवटा बांधला, चावी फिरवली. चावी फिरेना. गंजली होती. तिनं पुन्हा जोर लावला, मग मावशीनं तिच्या हातावर आपला हात ठेवून फिरवलं आणि हवेचा सूं आवाज आला.

मग थांबणं. दुसरं काही करता येत नव्हतं. सिएनीनं दंडात सुई दिली. काकांची छाती खालीवर होत होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे होतो. खूप वेळानं त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि मुखवट्याआडून बायकोला काहीतरी म्हणाले. मावशीनं वाकून ऐकलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"विचारतायत, चादर कुठे गेली."

ती हसली नाही. खाटेच्या कडेवर बसून तिनं त्यांचा हात धरला.

तोवर गावात बातमी पोहोचली होती. अध्यक्षांचाच नवरा खाटेवर परत गेला म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात. फाटकातून माणसं रोग्यांना घेऊन येऊ लागली, पाठुंगळीवर, चटईवर, एकाला तर एकचाकी गाड्यातून. उशीवरची फुलं खाली पडली, चादरींवर औषधाचे आणि रक्ताचे डाग पडले. थोड्या वेळात वॉर्ड मी मागच्या खेपेला पाहिला तसा झाला, जमिनीवरच्या चटयांसकट.

डंकन भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला म्हटलं, "आता मोज."

"मोजले." त्यानं कपाळ पुसलं. "चौदा, आणि तिघं खाली. फिलोई, मी आंधळा नाही. घरी जाऊ शकण्याचं जे मी म्हटलं, ते मी मागे घेतो. पण हा एक दिवस आहे. त्या बारा दिवसांचं मी काय करू? तिकडे विचारतील, बाराही वेळा असंच होतं कशावरून?"

तो खोटं बोलत नव्हता. मीही त्याच्या जागी हेच विचारलं असतं. मी ते मावशीला सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. चार-पाच भरलेल्या खाटा दिसल्या म्हणून वॉर्ड बंद होतोय, हेही तिला पहिल्यांदाच कळलं. तिचा चेहरा उतरला. समितीच्या बायका भोवती गोळा झाल्या होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली.

मावशी म्हणाली, "त्या बारा दिवसांचं आम्ही सांगतो की. त्यात काय."

डंकननं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांचं कुणाला आठवतं? पण त्याला आमच्या बायका माहीत नव्हत्या. कुठल्या पाहणीला आपली कोणती चादर कुठल्या खाटेवर पडली, हे त्या मरेपर्यंत विसरत नाहीत. कुणाची दाराजवळ, कुणाची कोपऱ्यात, कुणाची मुद्दाम अंधारात टाकली, यावर बोलणं बंद झालेली घरं आहेत. आणि चादर घालायची तर आधी खाटेवरचा माणूस उचलायला लागतो. तो जिची चादर तिनं उचलायचा, हा समितीचा रिवाज.

त्या बोलू लागल्या. नाताळाआधीची मोजणी, माझी पांढरी, पाचवी खाट, तिच्यावरून मी पाद्रीबाईंच्या आईला उचललं, किती जड होती ती. दुसरी म्हणाली, त्याच दिवशी माझी सहावीवर, तिथे तो झाडावरून पडलेला. एकीचं चुकलं की दुसरी तिला लगेच टोकायची, नाही गं, ती तुझी जुनी चादर, ती त्याच्या आधीच्या खेपेची. मी भाषांतर करत होते आणि डंकन लिहीत होता. पहिल्या दोन मोजण्यांची नावं त्यानं सिएनीच्या दाखल्यांच्या वहीशी ताडून पाहिली. जुळली. पुढेही त्यानं ताडणं सोडलं नाही, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली.

बाराही झाल्यावर तो खिडकीशी जाऊन गणित करत बसला. काकांच्या श्वासाचा आणि सिलिंडरचा तेवढा आवाज. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं नाही.

"सतरा," तो म्हणाला. "इथे सतरा खाटा लागतात. चौदा पुरत नाहीत. मी सही करतो."

मी ते सांगितलं. बायकांनी एकमेकींचे हात धरले. मावशीनं डोळे मिटले. मला वाटलं संपलं. डंकननं कागद नीट लावून पिशवीत घातले.

दाराजवळ लागी बसली होती. समितीतली सगळ्यांत लहान, अजून कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "माझी राहिली."

मावशी म्हणाली, "तुझी कुठली? तू तर आत्ताच समितीत आलीस."

"पावसाळ्यातल्या मोजणीला पहिल्यांदा घातली. निळ्या माशांची. अकराव्या खाटेवर."

"अकरावी रिकामी होती ना तेव्हा?"

"नव्हती. इओपू होता. मीच उचलला."

इओपू तिचा मुलगा. चार वर्षांचा, छातीत कफ झालेला. तो पावसाळ्यात गेला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, घरासमोरच त्याला पुरलं होतं. संध्याकाळी घरीच वारला, देवानं नेला, असंच सगळे म्हणत. तो सकाळी कुठे होता आणि तिथून का उठवला, हे चादरीशी कुणी कधी जोडून पाहिलंच नव्हतं. लागीनं पाहिलं होतं. एवढे महिने एकटीनं.

मी डंकनला सांगितलं. त्यानं लागीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, की एकानं आकडा बदलत नाही, सतराच राहतात, तिला तसं सांगू का? मी तेही लागीला सांगितलं.

"ठाऊक आहे," लागी म्हणाली. "आकडा वाढवा असं मी म्हणत नाही. त्या दिवशी तो इथे होता, एवढं लिहा."

डंकननं पिशवीतून कागद परत काढले. आमच्या तक्त्यात नावाला जागा नसते. त्यानं समासात लिहिलं.

मावशी खाटेवरून उठली. ज्या चटईवर पाहुण्याला बसवलं होतं ती तिनं उचलली, वॉर्ड ओलांडून लागीपुढे गेली, जमिनीवर बसली आणि ती चटई स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली. आमच्यात एखाद्याच्या घरचं माणूस आपल्या हातून गेलं तर असंच बसतात, त्यांच्या दारात, मान खाली घालून. ते चटई काढतील तर उठायचं, नाही तर नाही. अध्यक्ष असो, सरदाराची बायको असो.

कुणी पुढे झालं नाही. ते कुणाच्या हातात नव्हतं. डंकननं मला कुजबुजत विचारलं, हे काय चाललंय. मी त्याला मागे ओढलं. लागी त्या चटईकडे बघत बसली होती. चटईखाली मावशीचे खांदे हलत होते आणि आवाज येत नव्हता. पलीकडे काका मुखवटा बाजूला करून बायकोला शोधत होते, सिएनीनं तो पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला.

लागी बराच वेळ तशीच बसली. मग तिनं हात पुढे केला, चटई उचलली आणि बाजूला ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "काकांपाशी कुणी नाही."